गोठ्यातलं जनावर अचानक कोसळलं तर: विषबाधा की साथ?

माळरान:

पावसाने ओढ दिली, गुडघ्याएवढी ज्वारी सुकायला लागली आणि मग एखादी सर पडून तिला नवे फुटवे आले, की आमच्या रोगनिदान प्रयोगशाळेतले फोन वाढतात. बोलणं बहुतेक तेच. धडधाकट जनावरं होती, सोडल्यावर तासाभरात आडवी झाली, कुणीतरी नक्की काहीतरी खाऊ घातलंय. पाठोपाठ कळतं की जनावर पुरूनही झालं. मग तपासायला आमच्या हाती काही उरत नाही, आणि गावात दोन घरांचं बोलणं बंद होतं ते होतंच. म्हणून पुरू नका, आधी तपासा.

मी पशुवैद्यक आहे, मराठवाड्यात काम करते. अचानक मरणाऱ्या जनावरांबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत भरपूर संशोधन झालंय, पण त्यातलं गोठ्यापर्यंत पोचलेलं फार थोडं. म्हणून हा धागा. मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे: बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन विषबाधांचे उतारे एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. कारण कळायच्या आत कुणी सांगितलं म्हणून काहीही पाजू नका.

ज्वारीपासून सुरुवात करते. कोवळ्या ज्वारीत, कडवळात आणि कापणीनंतर फुटलेल्या किरळात धुरिन नावाचा पदार्थ असतो. पान चावलं, चुरगळलं किंवा कोमेजलं की त्याच पानातलं एक विकर (एन्झाइम) धुरिनवर काम करतं आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड मोकळा होतो. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या मोठ्या पोटातले जिवाणू या कामाला आणखी जोर देतात. घोड्याच्या किंवा डुकराच्या पोटातलं आम्ल ते विकर बरंचसं निकामी करतं, म्हणून यात रवंथ करणारी जनावरंच जास्त सापडतात.

सायनाइड पेशींना रक्तातला प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू आहे, पण पेशी उपाशी. त्यामुळे जनावर शेवटच्या घटका मोजत असतानाही त्याच्या हिरड्या आणि पापणीची आतली बाजू लालभडक दिसते. शिरेतून काढलेलं रक्तसुद्धा लालजर्द. धाप लागते, लाळ गळते, अंग थरथरतं, तोल जातो, पडून पाय झाडतं. हे सगळं काही मिनिटांत किंवा फार तर तास-दोन तासांत.

आता नायट्रेटची विषबाधा बघा. युरियाचा जास्त डोस दिलेलं पीक, त्यात पाण्याचा ताण, की ज्वारी, मका, बाजरी, ओट यांच्या खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येणार नाही असं करून टाकतं. इथेही धाप, इथेही थरथर, इथेही कोसळणं. शेत तेच, पीक तेच, महिना तोच. फरक रक्ताच्या रंगात: इथे ते चॉकलेटी, तपकिरी.

सायनाइडवर आम्ही शिरेतून सोडियम नायट्राइट देतो आणि पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट. नायट्राइट थोडं हिमोग्लोबिन मुद्दाम बदलतं, ते बदललेलं हिमोग्लोबिन सायनाइडला स्वतःकडे ओढून घेतं, आणि थायोसल्फेटच्या मदतीने त्याचं थायोसायनेट होऊन ते लघवीवाटे निघून जातं. हेच सोडियम नायट्राइट नायट्रेटने कोसळलेल्या जनावराला टोचलं तर आगीत तेल. तिथे लागतं मिथिलीन ब्लू. म्हणून डॉक्टर आल्या आल्या सुई भरत नाहीत, आधी पापणी उलटून बघतात. त्या मिनिटभरात त्यांच्यावर ओरडू नका.

तुमच्या भागात काय काय बघितलंत, लिहा.

सीनाकाठ:

ताई, धागा काढलात ते फार बरं केलं. आमच्याकडं किरळ लागली म्हणतात. गेल्या दुष्काळात शेजारच्या वस्तीवर एका दावणीच्या गाई अशाच गेल्या. रात्री दावं तोडून खोडव्यात, म्हणजे कापलेल्या ज्वारीला पुन्हा फुटलेल्या पिकात, शिरल्या होत्या. माणूस हबकून गेला होता, भाऊबंदकी आधीच चालू होती, त्यामुळे लगेच भावाचं नाव घेतलं.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, किती खाल्ल्यावर होतं? आमच्या इथं म्हणतात की दोन घास गेले तरी संपलं. दुसरं, कापून वाळवला किंवा मुरघास केला तर चालतो का? चारा टाकून द्यायची ऐपत नाही कुणाची.

माळरान:

सीनाकाठ, दोन घासांत जात नाही, पण लागणारा चारा ऐकून धक्का बसेल इतका थोडा आहे. शरीराच्या दर किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड एकदम पोटात गेलं तर ते जीव घेऊ शकतं. ४०० किलोची गाय धरली तर ८०० मिलिग्रॅम. किलोला २०० मिलिग्रॅम सायनाइड असलेला हिरवा चारा धोक्याचा मानतात, म्हणजे असा चार किलो चारा पुरे. भुकेली गाय तो बघता बघता फस्त करते. दिवसभर थोडं थोडं खाल्लं तर यकृत बरंचसं निस्तरतं, घाईने खाल्लं तर त्याला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून हिरव्यावर सोडायच्या आधी कडब्याने पोट भरलेलं असणं इतकं महत्त्वाचं.

वाळवण्याबद्दल नीट वाचा, कारण इथे दोन विषांचा पुन्हा फरक पडतो. पूर्ण वाळवलेल्या चाऱ्यातून सायनाइड बराचसा उडून जातो. मुरघासातही काही आठवड्यांत कमी होतो. अर्धवट कोमेजलेला चारा मात्र जनावरांपुढे घालू नका, त्यात सायनाइड मोकळा व्हायला नुकती सुरुवात झालेली असते. नायट्रेट वाळवून जात नाही. हिरव्यात होतं तेवढं कडब्यात राहतं. मुरघासात ते कमी होतं, पण शून्य होत नाही. त्यामुळे भरपूर युरिया दिलेल्या आणि ताण बसलेल्या पिकाचा चारा तपासून घ्या, बुडखा थोडा वर ठेवून कापा आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या.

ज्वारी फुलोऱ्यात आली की सायनाइडचा धोका खूप कमी होतो. कोवळं पीक आणि खोडव्याचे फुटवे, हे दोनच खरे वैरी.

रसायनी:

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. चाऱ्यातलं सायनाइड ओळखायची पिक्रेट कागदाची चाचणी विद्यार्थ्यांना करून दाखवतो, ती सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसते. गाळणकागदाची पट्टी पिक्रिक आम्ल आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात भिजवून सुकवतात, ती पिवळीधमक होते. परीक्षानळीत पानांचे बारीक तुकडे, थोडं पाणी आणि क्लोरोफॉर्मचे दोन थेंब घालायचे, पट्टी आत लोंबकळत ठेवून बूच घट्ट लावायचं. पट्टीला पानं चिकटता कामा नयेत. नळी कोमट ठेवली की सायनाइड असेल तर पिवळी पट्टी नारिंगी होत होत विटकरी होते. कोवळ्या किरळाची पट्टी तासाभरात रंग बदलायला लागते, शेजारच्या नळीत पिकलेल्या ताटाचं पान तसंच पिवळं राहतं. मुलं ते बघून गप्प होतात, कारण बहुतेकांच्या घरी जनावरं आहेत.

घरी करू नका मात्र. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात चारा घेऊन जा.

म्हैसवाला_कागल:

आमच्याकडचा प्रसंग वेगळा. पिकाला द्यायला बादलीत युरिया कालवून ठेवला होता, आणि गड्याने तीच बादली पाणी समजून म्हशीपुढे सरकवली. अर्ध्या तासात म्हैस दात खायला लागली, पोट फुगलं, थरथरून खाली बसली. गोळा झालेल्यांपैकी अर्धे म्हणत होते खायचा सोडा पाजा, पोटफुगीला तेच देतात. माझा चुलतभाऊ सोडा कालवतच होता. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला, ते ओरडूनच म्हणाले सोडा अजिबात नको, व्हिनेगर आणा. किराणा दुकानातलं होतं नव्हतं ते सगळं व्हिनेगर आणलं, डॉक्टरांनी येऊन नळी घालून गार पाण्याबरोबर पोटात सोडलं. म्हैस वाचली.

सोडा का नको, हे मात्र मला आजवर नीट कळलेलं नाही. कारण लग्नातला उरलेला भात आणि बुंदी खाऊन आमचाच बैल पडला होता, तेव्हा डॉक्टरांनी सोडाच दिला होता.

माळरान:

कागलकर, मी धागा ज्यासाठी काढला ते तुमच्या दोन प्रसंगांत पुरेपूर आलंय.

युरिया पोटात गेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. पोटातलं पाणी अल्कलीकडे झुकतं, आणि जितकं झुकेल तितका अमोनिया वेगाने रक्तात शिरतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल ते पाणी पुन्हा आम्लाकडे ओढतं, मग अमोनिया आतच अडकून राहतो. गार पाण्याने जिवाणूंचं काम मंदावतं. सोडा घातला असता तर पाणी आणखी अल्कली झालं असतं.

भात, पुऱ्या, बुंदी, दळण, सांडलेलं धान्य हे सगळं उलट. त्यातल्या पिठूळ भागाचं पोटात भराभर लॅक्टिक आम्ल होतं, पोटातलं पाणी आंबट होतं, जनावर चारा सोडतं, पातळ आंबूस शेण टाकतं, पुढे उठायचंच बंद होतं. तिथे सोडा लागतो. लग्नसराईत हे आम्ही किती बघतो! उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून माणसं प्रेमाने गाईपुढे पातेलं रिकामं करतात आणि तिसऱ्या दिवशी गाय जाते.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. पडलेल्या, मान टाकलेल्या जनावराला नळकांड्याने काहीही ढोसू नका. त्याला गिळता येत नसतं, सगळं फुप्फुसात उतरतं. मूळ विषातून वाचलेलं जनावर मग न्यूमोनियाने जातं.

धनगरवाडा:

आमच्या घरात मेंढ्या पिढ्यान् पिढ्या. पहिल्या पावसानंतर कोवळ्या लुसलुशीत गवतावर कळप गेला की पहिलं मरतं ते सगळ्यांत गुबगुबीत कोकरू. रात्री बरं असतं, सकाळी वाघरीत मान मागे टाकून पडलेलं. आमचे थोरले म्हणायचे नजर लागली. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा कळलं, हा आंत्रविषार. पण गवतात विष नसताना विषबाधा कशी, हे मी घरी अजून नीट सांगू शकलो नाही.

माळरान:

घरी असं सांगून बघा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे जिवाणू चांगल्या मेंढीच्या आतड्यातही थोडेफार असतातच. एकदम भरपूर कोवळा पाला किंवा धान्य पोटात गेलं की न पचलेला पिठूळ भाग पुढे आतड्यात सरकतो, जिवाणूंना मेजवानी मिळते, ते बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. या प्रकाराला ड म्हणतात आणि विषाला एप्सिलॉन. ते रक्तवाहिन्या झिरपवतं, मेंदू सुजवतं. गवत दोषी नाही, खाण्यातला अचानक बदल दोषी. सगळ्यांत जोमदार कोकरूच सगळ्यांत जास्त खातं, म्हणून तेच जातं. म्हणजे थोरल्यांचं बघणं अचूक होतं.

शवविच्छेदनात मूत्रपिंड खरवसासारखं लिबलिबीत झालेलं सापडतं, आणि बऱ्याचदा लघवीत साखर मिळते. खात्री करायला लहान आतड्यातला द्रव लागतो, तोही ताजा. लस पावसाळ्याआधी द्यायची, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. आणि पहिल्या पावसात कळप एकदम हिरव्यावर न सोडता आधी काहीतरी वाळकं पोटात जाऊ द्या.

बाणगंगा:

मुद्दा पटतो, पण मला एक भीती आहे. "पुरू नका, आधी तपासा" हे वाचून कुणी मेलेलं जनावर उघडायला गेलं आणि तो फाशीचा रोग निघाला तर? आमच्या तालुक्यात पूर्वी माणसांना हातावर काळे खवडे उठल्याचं मी ऐकलेलं आहे.

माळरान:

बाणगंगा, फार महत्त्वाचं विचारलंत. मी वर तपासा म्हटलं ते डॉक्टरांकडून तपासून घ्या या अर्थाने. जनावर कुणीही स्वतः फाडायचं नाही, कोणत्याही कारणाने.

फाशी, म्हणजे काळपुळी, अँथ्रॅक्स. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळपट, न गोठणारं रक्त येतंय, अंग नीट ताठत नाही, पोट लवकर फुगलंय: एवढं दिसलं की ती फाशीच आहे असं धरून चालायचं. कातडी सोलायची नाही, मांस वाटायचं नाही, कुत्री फिरकू द्यायची नाहीत. याचं कारण या जिवाणूच्या स्वभावात आहे. बंद शरीरात, सडण्याच्या प्रक्रियेत तो काही दिवसांत मरतो. शरीर उघडलं, हवा लागली, की तो बीजाणू बनवतो आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. म्हणजे सुरी लागली की ते शेत पुढच्या पिढीसाठीही धोक्याचं झालं.

तपासणीला फक्त कानाच्या शिरेतलं एक थेंब रक्त लागतं. काचपट्टीवर पसरून ते मिथिलीन ब्लूने रंगवलं की निळ्या, चौकोनी टोकांच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टन दिसतं. दर वेळी ते बघताना छातीत धस्स होतं, कारण त्या पट्टीमागे एक घर असतं आणि त्या घरातल्या कुणीतरी मेल्या जनावराला हात लावलेला असतो. माणसाला वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर त्वचेची फाशी बरी होते. त्यामुळे हात लावलेल्या प्रत्येकाने लपवून न ठेवता दवाखान्यात जाऊन सांगावं. फाशीचा संशय कळवणं २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या केंद्रीय कायद्याने बंधनकारकही आहे.

न गोठणारं रक्त घोणस चावल्यावरही येतं. वीज पडूनही जनावर जागीच मरतं. गळ्याला सूज येऊन म्हैस घोरायला लागली की लोक साप म्हणतात, आणि तो बऱ्याच वेळा घटसर्प, म्हणजे जिवाणूंचा साथीचा रोग, निघतो. बाहेरच्या खुणांवर ठाम बोलायचं धाडस मीही करत नाही.

सीनाकाठ:

मग आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं? डॉक्टर यायला तीन तास लागतात.

माळरान:

थर्मामीटर घ्या. माणसांचाच चालतो, पण वेगळा ठेवा. शेपूट उचलून गुदद्वारात, बाजूला टेकेल असा, मिनिट-दोन मिनिटं धरा. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास. घटसर्प, फऱ्या, गोचीड ताप, तीन दिवसांचा ताप यांत ते १०४ च्या वर, कधी १०६ पर्यंत जातं. ज्वारी, नायट्रेट, युरिया यांत सहसा ताप नसतो, उलट शेवटी अंग गार पडतं. जोरदार झटके येत असतील तर विषबाधेतही चढतं, तेवढं ध्यानात ठेवा. फोनवर "ताप १०५ आहे" असं कुणी सांगितलं की मी गाडीत कोणती पेटी टाकायची ते त्याच क्षणी ठरवते.

दुसरी गोष्ट, किती जनावरं आणि कोणती. एकाच वेळी, एकाच दावणीची, एकच चारा खाल्लेली पडली तर विष. आज एक, परवा दोन, मग पलीकडच्या वस्तीवर एक, असं पसरत गेलं तर साथ. फक्त सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट वासरं, मांडीवर सूज आणि दाबली की चरचर आवाज, तर फऱ्या.

तिसरी, डोळ्याची बाहुली. कीटकनाशक पोटात गेलं असेल तर ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, लाळ आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही, पातळ हगवण लागते. डबा सापडला तर तसाच जपून ठेवा, उतारा त्यावरच्या नावावर ठरतो.

मुक्ताई:

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते, दूधव्यवसायाचा भाग. इथल्या विद्यापीठात एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, ती धाग्याला धरून आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, एक शेतकरी मेलेली कालवड, डबाभर न गोठणारं रक्त आणि बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हरचं वाळलं गवत गाडीत घालून मॅडिसनला आला. गाई रक्तस्राव होऊन मरत होत्या. बुरशीच्या या गवताचा संबंध कॅनडातल्या पशुवैद्यकांनी आधीच्या दशकात लावला होता, पण त्यातला नेमका पदार्थ कुणाला सापडला नव्हता. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढची काही वर्षं झटून तो वेगळा काढला, डायकुमरॉल. त्यावरूनच पुढे वॉरफरिन आलं. आधी उंदीर मारायला, नंतर माणसाच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. माझ्या सासूबाई तीच गोळी घेतात.

त्या माणसाने कालवड बर्फात पुरली असती तर हे सगळं तरी कधी झालं असतं कोण जाणे.

इतिहासवेडा:

मुक्ताईंचं वाचून पुण्याची आठवण करून द्यावीशी वाटते. भारतातली जनावरांच्या रोगांवरची पहिली संशोधन संस्था, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. बुळकांडीसारख्या भयानक संसर्गावर भर वस्तीत काम करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. आणि ज्या बुळकांडीने गावंच्या गावं बैलांवाचून ठेवली, ती २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

विषबाधेचा इतिहास मात्र तेवढा उजळ नाही. इंग्रजी अमदानीतल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गुंजेच्या "सुई"चं वर्णन आहे. गुंजांचा लगदा करून अणकुचीदार काडी वळायची, वाळवायची आणि लाकडी दांड्यात बसवून जनावराला टोचायची. टोचल्याची खूण सापाच्या दंशासारखी दिसायची. चामड्यासाठी हे प्रकार चालत. म्हणजे कुणीतरी मुद्दाम मारलं हा संशय अगदी हवेतला नाही.

माळरान:

इतिहासवेडा, खरं आहे, मुद्दाम घातलेलं विष आम्हालाही सापडतं. म्हणून तर नमुना हवा. घातपाताचा संशय असेल तर आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या. मग पंचनामा होऊन शवविच्छेदन आणि सीलबंद नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. तक्रारीशिवाय काढलेला नमुना कोर्टात टिकवणं फार अवघड. आणि नमुना निर्दोष माणसाला सोडवतोही, हे विसरू नका. चाऱ्यात सायनाइड निघालं की शेजाऱ्यावरचा आळ तिथल्या तिथे संपतो.

खडकाळ:

आमचा भाग मुरमाड. उन्हाळ्यात गाई हाडं, चपला, दोऱ्या चघळतात. काही मग मागच्या पायांतून लुळ्या पडतात आणि शुद्धीवर असतानाच हळूहळू जातात. ताप नसतो. हे पण विष का?

माळरान:

खडकाळ, तुमच्या वर्णनावरून बोट्युलिझमचा संशय येतो, पण तपासल्याशिवाय नाव देत नाही. हाच गुंता दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑंडरस्टेपूर्टच्या संस्थेत सोडवला होता. तिथल्या जमिनीत स्फुरद कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गाईंना हाडं खायची ओढ. कुजक्या सांगाड्यातल्या जिवाणूंचं विष त्या हाडांबरोबर पोटात जायचं आणि स्नायू लुळे पडायचे. त्यांनी हाडांचं निर्जंतुक चूर्ण खाऊ घातलं, गाईंची हाडं चघळायची ओढ गेली आणि मरणंही घटली. म्हणून तुमच्या गावाचा उपाय बहुधा खनिज मिश्रणात आणि रानात पडलेले सांगाडे उचलण्यात आहे. हे वरवरचं ऐकून सोडून देऊ नका. एक गाय लुळी पडलेली असतानाच डॉक्टरांना दाखवा.

पक्षीवेडी:

सांगाड्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. पूर्वी हे काम गिधाडं करायची. जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचलेलं डायक्लोफेनॅक मेल्यानंतर मांसात राहतं आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झालं. गाईला इंजेक्शन देताना कृपा करून मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. आणि विष घालून मारलेलं किंवा विषाने मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, त्यावर बसणारं प्रत्येक पाखरू, कुत्रं जातं.

सीनाकाठ:

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला चार ओळी द्याल का, ताई? मोठं कुणी वाचत नाही.

माळरान:

घ्या, असंच्या असं टाका.

जनावर पडलं की बाकीची त्या चाऱ्यावरून, पाण्यावरून लगेच हलवा, पण पळवू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात फोन करा आणि सांगा: ताप किती, हिरड्यांचा रंग कोणता, किती जनावरं, काय खाल्लं, कधी खाल्लं. तोंडाने काही पाजू नका.

मेलं तर सावलीत ठेवा, कानातला बिल्ला काढू नका, बिल्ल्यासकट फोटो घ्या. विम्यालाही तोच लागतो. नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने रक्त आलं असेल तर हात लावू नका, लांब उभं राहून डॉक्टरांची वाट बघा.

जे खाल्लं त्याचा मूठभर चारा, पेंड, पाणी स्वच्छ पिशवीत किंवा बाटलीत हवाबंद करून बर्फात ठेवा. त्यात मीठ, फिनेल, फॉर्मॅलिन काही घालू नका. शरीरातले नमुने डॉक्टरच घेतील. पोटातला चारा आणि यकृत सायनाइडसाठी लागतात आणि ते उशीर झाला तर हवेत उडून जातं. नायट्रेटसाठी डोळ्याच्या आतला द्रव घेतात, तिथे ते बराच वेळ टिकतं, त्यामुळे रात्री मेलेल्या जनावराचंही सकाळी निदान होऊ शकतं.

सीनाकाठ, आणि ग्रुपवर हेही घाला: सध्या तुमच्याकडे ताण बसलाय आणि खोडवा फुटलाय, तर दावी आजच तपासा.

सीनाकाठ:

टाकलं. एक जण आत्ताच विचारतोय, खोडव्याला लागून शेळ्या चारल्या तर चालेल का.

माळरान:

नको. शेळी आधी कोवळा शेंडाच खुडते, आणि धुरिन तिथेच सगळ्यांत जास्त. फुलोरा येईपर्यंत त्या बांधाला कुंपण घाला. आणि त्यांना सांगा, शंका असेल तर फुटव्यांची एक पेंढी घेऊन प्रयोगशाळेत या, चाचणी त्याच दिवशी होते.